उदाहरण, अनुकरण आणि नवकल्पना : किल्लारी भूकंपोत्तर गृहरचनेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात मृत्यू पावलेल्यांची संख्या निरनिराळ्या नोंदींत आठ हजार ते दहा हजारांच्या दरम्यान आढळते. यांतील बहुसंख्य माणसे स्वतःच्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली गाडली गेली.

या घटनेचा अभ्यास भूगर्भशास्त्र, लोकप्रशासन आणि समाजकार्य या विद्याशाखांनी विपुल प्रमाणात केला आहे. तिची एक बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पद्धतीने घर बांधले, त्या पद्धतीवरील विश्वास एका पहाटे नाहीसा झाला, तेव्हा 'आता घर कसे बांधावे?' या प्रश्नाला गावाजवळ उत्तर उरले नव्हते. अशा कल्पनाशून्य अवस्थेत समाजासमोर कोणती उदाहरणे आली, ती कोणी आणली, केव्हा आणली आणि त्यांमुळे लोकांची स्वतःची विचारशक्ती जागी झाली की मंदावली, या प्रश्नांचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सर्जनशीलतेच्या मानसशास्त्रातील काही निष्कर्षांचा आधार घेतला असून ऐतिहासिक साधनांच्या मर्यादेत राहून त्यांची पडताळणी केली आहे.

उदाहरण आणि सर्जनशीलता : सैद्धांतिक पार्श्वभूमी

उदाहरण पाहिल्याने नवीन काही सुचते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अध्यापनाची सारी परंपरा या समजुतीवर उभी आहे. तथापि १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी अभिकल्पाच्या क्षेत्रात एक वेगळेच निरीक्षण मांडले. न सांडणारा कॉफीचा पेला तयार करण्याचे काम त्यांनी सहभागी व्यक्तींना दिले. काहींना नमुना म्हणून एक चित्र दाखविले. त्या पेल्याला नळी आणि तोंडाशी धरण्याचा भाग होता. हे दोन्ही घटक वापरू नयेत, अशी स्पष्ट सूचना असूनही नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत ते पुन्हा पुन्हा उतरले. या प्रवृत्तीला 'अभिकल्प-जखडण' असे म्हणता येईल. १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्याच वर्षी, स्मिथ, वॉर्ड आणि शूमाखर यांनी काल्पनिक प्राण्यांची चित्रे काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. नमुन्यातील प्राण्यांना चार पाय, शेपूट आणि मिशांसारख्या स्पर्शिका असल्या, की नव्या प्राण्यांतही त्याच अवयवांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसून आले.

पुढील काळात या चित्रात महत्त्वाची भर पडली. २०१५ मध्ये सिओ, कोटॉव्हस्की आणि केगन यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. उदाहरणांमुळे शोधाची रुंदी घटते, मात्र निवडलेल्या दिशेतील खोली वाढते, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी सियांग्लिउलुए, चॅन, गाजोस आणि डाऊ यांनी ९७ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात उदाहरण दाखविण्याच्या वेळेचा विचार केला. ज्यांनी स्वतः मागून उदाहरणे पाहिली, त्यांच्या कल्पना सर्वाधिक नावीन्यपूर्ण ठरल्या. सुचणे थांबले आहे असे दिसताच ज्यांना उदाहरणे दिली गेली, त्यांनी सर्वाधिक कल्पना मांडल्या. ठरावीक अंतराने, गरज असो वा नसो, ज्यांच्यासमोर उदाहरणे येत राहिली, त्यांच्या कल्पनांची संख्या उदाहरणे मुळीच न पाहिलेल्यांपेक्षाही कमी राहिली.

या निष्कर्षांतून इतिहासाच्या अभ्यासकाला तीन प्रश्न मिळतात. उदाहरण मागितले गेले की लादले गेले? ते अडलेल्या क्षणी आले की विचार सुरू होण्यापूर्वीच आले? आणि ते पाहणाऱ्याच्या ओळखीच्या सामग्रीतून घडलेले होते की पूर्णतः परके? प्रयोगशाळेतील काही मिनिटांचे काम आणि उद्ध्वस्त गावाची पुनर्रचना यांत मोठे अंतर आहे, हे मान्य करूनच हे प्रश्न किल्लारीच्या संदर्भात विचारावे लागतात.

मराठवाड्यातील पारंपरिक घर आणि त्याचे अनुकरण

भूकंपापूर्वी या परिसरातील प्रमुख घर दगड-मातीचे आणि माळवदाचे होते. घराचे माप 'खणां'त सांगितले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर फूटभर ते दोन फूट जाडीचा मातीचा थर, अशी माळवदाची रचना असे. उन्हाळ्यातील तीव्र उष्म्यात हे घर थंड राही. धान्य साठविण्यासाठी बळद, प्रवेशाशी ढाळज, मध्ये चौक, भोवती ओसरी आणि गुरांसाठी गोठा हे सारे एकाच भिंतीच्या आत सामावलेले असे.

या रचनेत छताचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा पेलत असे. भिंतीचे काम आडोसा आणि संरक्षण देण्याचे होते. सधन वाड्यांत घडीव दगड आणि भक्कम लाकूड वापरले जाई. सामान्य कुटुंबांनी वाड्याचे बाह्य रूप, विशेषतः भिंतीची जाडी, उचलली. ओबडधोबड दगडांचे दोन पदर उभे करायचे आणि मधल्या पोकळीत माती-खडी भरायची, ही पद्धत त्यातून रूढ झाली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड मात्र बहुतेक ठिकाणी वगळले गेले. उदाहरणाचे दिसणारे अंग उचलले जाते आणि न दिसणारे तत्त्व सुटून जाते, याचा हा बोलका दाखला होय. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही समजूत पक्की होत गेली.

त्या समजुतीला आव्हान देणारा अनुभव समाजाजवळ नव्हता. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. १९६७ मधील कोयनेचा भूकंप हा धरणाच्या परिसरापुरता अपवाद समजला गेला. १९८४ च्या भारतीय मानकानुसार किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंप-विभागात होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात धक्के जाणवले, लोक भयभीत झाले. परंतु भूकंपात टिकेल असे घर कसे असते, याचे एकही उदाहरण पंचक्रोशीत नव्हते. २००२ मध्ये मानकाची सुधारणा झाली, तेव्हा हा प्रदेश तिसऱ्या विभागात समाविष्ट करण्यात आला.

ढिगाऱ्यातील न वाचलेली उदाहरणे

भूकंपानंतर अभ्यासकांनी केलेल्या पाहणीत एक लक्षणीय बाब आढळली. अनेक घरांत दगडी भिंती कोसळल्या, परंतु लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. ज्या घरांत छताचा भार थेट भिंतींवर होता, तेथे माळवद खाली आले. गरिबांच्या हलक्या छपरांच्या झोपड्यांत जीवितहानी तुलनेने कमी झाली. म्हणजेच विनाशाच्या जागीच दोन उत्तरे उभी होती : जोडलेला लाकडी सांगाडा आणि हलके छप्पर.

शोकाकुल समाजाने ही उत्तरे वाचली नाहीत, यात नवल नाही. ज्याने आप्तांना मारले तो दगड आणि ती माती लोकांच्या मनातून उतरली. 'दगड' हा घातक आणि 'सिमेंट' हे तारक, अशी सरळ विभागणी झाली. त्यात शहरातील स्लॅबच्या घराची प्रतिष्ठाही मिसळली. दगड कसा रचला होता, सांगाडा का टिकला, हे प्रश्न मागे पडले. सुचणे थांबलेल्या मनाला जवळचे, पण दुखावणारे उदाहरण दिसत नाही आणि दूरचे, पण आश्वासक उदाहरण लगेच दिसते, असे या प्रसंगावरून म्हणता येते.

या संदर्भात क्वेट्ट्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९३१ मध्ये बलुचिस्तानातील माच येथे भूकंप झाल्यानंतर रेल्वेतील अभियंता एस. एल. कुमार यांनी क्वेट्टा येथील रेल्वेच्या निवासांसाठी भूकंपरोधक रचना तयार केली. १९३५ च्या प्रलयंकारी भूकंपात शहर जमीनदोस्त झाले, पण ही घरे टिकली. पुढील पुनर्रचनेत भिंतीला आडवे पट्टे बांधण्याच्या पद्धतीचा जो पुरस्कार झाला, त्यामागे या टिकलेल्या घरांचा पुरावा होता. क्वेट्ट्यात आपत्तीपूर्वीच उदाहरण उभे होते आणि आपत्तीने त्याची परीक्षा घेतली. किल्लारीत उदाहरणे आपत्तीनंतर आली, तीही बाहेरून आणि अतिशय वेगाने.

'अ' वर्गातील गावे : आधीच आलेले उदाहरण

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. हानीच्या प्रमाणानुसार गावांचे तीन वर्ग करण्यात आले. 'अ' वर्गातील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. 'ब' वर्गातील २२ गावांची मूळ जागीच पुनर्बांधणी झाली. 'क' वर्गात १३ जिल्ह्यांतील सुमारे २,४०० गावांतील घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण अपेक्षित होते.

'अ' वर्गातील कुटुंबांना जमीनधारणेनुसार घरे देण्यात आली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट, असे हे प्रमाण होते. अनेक स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह आणि वृत्तपत्रे यांनी गावे दत्तक घेतली. मदतीचा हा ओघ अभूतपूर्व होता आणि त्यामागील तळमळ निर्विवाद होती.

परंतु सर्जनशीलतेच्या दृष्टीने पाहता येथे उदाहरण विचारापूर्वीच पोहोचले. घराचा नकाशा तयार होता. बहुतेक नव्या गावांची आखणी सरळ काटकोनी रस्त्यांनी झाली. ती शहरी वसाहतीच्या नमुन्यावर बेतलेली होती. जुन्या गावातील अरुंद गल्ल्या, भावकीनुसार जमलेली घरे, पारावरची बैठक यांची जागा रुंद रस्त्यांनी आणि अनुक्रमांकाच्या भूखंडांनी घेतली. गावाचे क्षेत्रफळ जुन्या गावठाणाच्या कित्येक पट झाले. ढाळज, बळद आणि गोठा यांना नकाशात जागा नव्हती. शेतकऱ्याने कडबा कोठे रचावा आणि बैल कोठे बांधावेत, हा प्रश्न घर ताब्यात मिळाल्यानंतर उपस्थित झाला.

आराखडा बाहेरून आला म्हणून तो सर्वत्र सारखाच ठरला, असे मात्र नाही. गुबाळ येथे घुमटाकार घरे उभारण्यात आली. भूकंपरोधनाच्या दृष्टीने घुमटाचा आकार सक्षम असला, तरी गोल भिंतीला कपाट लावणे आणि पुढे खोली जोडणे या दोन्ही गोष्टी कठीण होत्या. याउलट मल्याळ मनोरमा वृत्तपत्रसमूहाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या बाणेगाव येथे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी घरांची मांडणी समूहांत केली आणि एकत्र वावरण्याच्या मोकळ्या जागेला महत्त्व दिले. मलकोंडजी येथे अहमदाबादच्या 'आसाग' या संस्थेने ग्रामस्थांशी चर्चा करून आखणी करण्याचा मार्ग स्वीकारला. गुबाळ आणि बाणेगाव या दोन्ही ठिकाणी कल्पना बाहेरच्या होत्या. त्यांतील एका उदाहरणात राहणाऱ्याला स्वतःची भर घालण्यास वाव होता, दुसऱ्यात तो अत्यल्प होता, हा भेद येथे निर्णायक दिसतो.

लोकांची कल्पकता खरी प्रकट झाली ती घरांचा ताबा मिळाल्यानंतर. पक्क्या घरापुढे पत्र्याचे शेड, आवाराला भिंत, मागे गोठा, दारापुढे ओसरी अशा वाढीव बांधकामांतून जुन्या वाड्याचा क्रम हळूहळू परत आला. काही कुटुंबे भीतीपोटी दीर्घकाळ पत्र्याखालीच झोपत राहिली. या वाढीव बांधकामांना तज्ज्ञांचे मार्गदर्शन क्वचितच लाभले. लोकांना खरोखर उदाहरणाची गरज या टप्प्यावर होती, परंतु तोपर्यंत उदाहरणे देणारे निघून गेले होते.

'क' वर्गातील गावे : अडल्यावर मागितलेले उदाहरण

'क' वर्गाचा अनुभव निराळा आहे. येथे घर पूर्ण पडले नव्हते, ते धोकादायक झाले होते. हानीनुसार अनुदान मिळाले आणि बांधकामाची जबाबदारी घरमालकावर राहिली. कारागीर गावचा गवंडी आणि सुतार होता. सुचविलेल्या उपाययोजना साध्या होत्या : भिंतीत ठरावीक अंतरावर छिद्र पाडून आरपार जोड बसविणे, लिंटलच्या पातळीवर भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा देणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे लाकूड ठोकणे. यांतील प्रत्येक उपाय जुन्या घराच्या अंगातच करायचा होता.

प्रारंभी या उपायांना प्रतिसाद अल्प होता. भिंतीला छिद्र पाडल्याने ती मजबूत कशी होईल, ही शंका स्वाभाविक होती. या टप्प्यावर स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील संस्थेने शासनाच्या कार्यक्रमात लोकसहभागाची जबाबदारी स्वीकारली. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून काम करू लागल्या. सुमारे १,२०० गावांपर्यंत हे जाळे पोहोचले. या स्त्रियांनी अनुदानाची माहिती दिली, अभियंत्यांना प्रश्न विचारले, कामावर लक्ष ठेवले आणि एका गावात झालेले काम दुसऱ्या गावातील स्त्रियांना दाखविले.

येथे उदाहरणाचे स्वरूपच बदललेले दिसते. ते शेजारच्या गावातील, स्वतःच्या घरासारख्या घराचे होते. पाहायला जाणारी व्यक्ती मनात एक अडचण घेऊन जात असे : भिंत उकरली तर ती ढासळेल का, माती काढली तर उन्हाळ्यात घर तापेल का, अनुदानात काम बसेल का. ज्याला प्रश्न पडलेला आहे तो उदाहरणातून उत्तर उचलतो, ज्याला प्रश्नच पडलेला नाही तो केवळ आकार उचलतो. शिवाय उदाहरण दाखविणारी स्त्री स्वतः त्याच अडचणीतून गेलेली असल्याने केलेल्या चुकाही सांगू शकत होती.

हे चित्र एकांगी रंगविणे मात्र अनैतिहासिक ठरेल. 'क' वर्गातील अनेक कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी अनुदानातून विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधणे पसंत केले. दगडाविषयीची भीती प्रात्यक्षिकाने पूर्णपणे दूर झाली नाही. तसेच 'अ' आणि 'क' वर्गांची तुलना सरळ करता येत नाही. जेथे निम्मे कुटुंब गमावलेला माणूस उघड्यावर होता, तेथे त्याच्या मनात प्रश्न उमटेपर्यंत थांबा, असे प्रशासनाला सांगणे निष्ठुरपणाचे ठरले असते. घाईला कारण होते. तथापि निवाऱ्याची घाई आणि कायमच्या गावाची घाई या दोन भिन्न गोष्टी होत्या. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्याने पहिली गरज काही अंशी भागविली होती. त्यातून जो अवधी मिळाला तो लोकांच्या विचारासाठी पुरेसा वापरला गेला नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

किल्लारी : स्वतःच एक उदाहरण

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा किल्लारीचा अनुभव देशापुढे होता. गुजरातमधील पुनर्बांधणीत घरमालकाने स्वतः घर बांधावे आणि शासनाने अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन द्यावे, या पद्धतीला मोठे स्थान मिळाले. सरसकट स्थलांतराला अनेक गावांनी नकार दिला. लातूर-उस्मानाबादच्या महिला कच्छमध्ये गेल्या आणि तेथील स्त्रियांशी बोलल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांना काही सुचत नव्हते, त्या आता इतरांसाठी उदाहरण ठरल्या होत्या. त्यांच्याजवळ देण्यासाठी नकाशा नव्हता. कोणते प्रश्न विचारावेत, हा अनुभव होता, आणि कच्छचे भुंगे, तेथील हवामान व तेथील कारागिरी वेगळी असल्याने हा अनुभवच अधिक उपयोगी होता.

निष्कर्ष

१. पारंपरिक घराचा ऱ्हास केवळ अज्ञानामुळे झाला नाही. वाड्याच्या उदाहरणातील दृश्य भाग स्वीकारला गेला आणि जोडदगडाचे अदृश्य तत्त्व गळले. अनुकरणात तत्त्व सांगितले गेले नाही, तर उदाहरण घातक ठरू शकते.

२. आपत्तीनंतर कल्पना खुंटलेल्या समाजावर पहिले आश्वासक उदाहरण दीर्घकाळ प्रभाव गाजविते. 'अ' वर्गातील गावांची काटकोनी आखणी हे त्याचे उदाहरण आहे.

३. उदाहरण केव्हा आले आणि ते कोणी मागितले, या बाबी उदाहरणाच्या गुणवत्तेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. 'क' वर्गातील ज्या गावांत लोक प्रश्न घेऊन प्रात्यक्षिकापर्यंत गेले, तेथे जुन्या सामग्रीचा नव्याने विचार होऊ शकला.

४. ज्या उदाहरणात भर घालण्यास वाव असतो, ते परके असूनही आपले होऊ शकते. बाणेगाव आणि गुबाळ यांची तुलना हे सूचित करते.

५. घर ताब्यात दिल्यावर मार्गदर्शन थांबणे ही पुनर्वसनाची मोठी उणीव होती, कारण लोकांची स्वतःची रचना त्यानंतरच सुरू झाली.

मराठवाड्यातील असंख्य गावांत आजही दगड-मातीची घरे उभी आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत. १९९३ नंतर जन्मलेल्या पिढीने ती पहाट पाहिलेली नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते, हे उचितच आहे. त्याच्या जोडीला पंचक्रोशीतील प्रत्येक मोठ्या गावात जोडदगड आणि पट्टा दिसेल अशा रीतीने बळकट केलेले एखादे घर, शाळा वा चावडी उभी राहिली, तर येथील गवंड्याला आणि घरमालकाला प्रश्न पडेल त्या दिवशी उत्तर जवळच सापडेल. क्वेट्ट्यातील ती घरे दुसरा धक्का बसण्यापूर्वी बांधून झाली होती, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण होता.